सिल्लोडचं कार्पेट

"फेकून द्या मॅडम," रहीमभाई म्हणाले. "वास सुटायच्या आधी फेकून द्या. दुसरं मागवू."

मी टँकसमोर गुडघे टेकून बसले होते. रहीमभाईंची सिल्लोडला मक्याची आडत आहे. त्यांच्या दिवाणखान्यातला चारशे लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक मीच बसवून दिलेला. बारा दिवसांपूर्वी त्यात एक कार्पेट ॲनिमोनी सोडलं होतं. आता ते वाळूवर ओल्या फडक्यासारखं पडलं होतं आणि त्याचं तोंड उघडं होतं.

ॲनिमोनी दिसतं फुलासारखं, पण तो प्राणी आहे. खाली एक पाय, त्यानं तो दगडाला किंवा काचेला धरून बसतो. वर पसरट चकती, मध्यभागी तोंड. कार्पेट जातीच्या चकतीवर आखूड बोंडं इतकी दाट असतात की खरोखर गालिचा अंथरल्यासारखं वाटतं. जेवणाच्या ताटापेक्षा मोठं होतं ते. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाऊनफिश त्यात घर करतात. निरोगी कार्पेट बोटाला असं चिकटतं की सोडवावं लागतं. मी बोट लावलं. चिकटलं नाही. पायही काचेपासून सुटला होता.

मी पूर्वी चिकलठाण्याला एका औषध कंपनीत पाणी तपासायचे. ते युनिट बंद झालं आणि मासे पाळायचा घरचा छंद धंदा झाला. रहीमभाईंच्या या कार्पेटआधी माझ्या हातून दोन गेली होती. दोन्ही वेळा सप्लायरनं फोनवर सांगितलं होतं, हे वाचत नसतं, काढून टाका. दोन्ही वेळा मी ऐकलं होतं. या वेळीही त्यानं तेच सांगितलं.

मी रहीमभाईंना म्हटलं, दुसरं आणून याच पाण्यात सोडलं तर तेही मरेल. आधी पाण्यात काय बिघडलंय ते कळू द्या.

पाण्याचा खारेपणा मोजायला छोट्या दुर्बिणीसारखा एक मीटर असतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागं साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं. ॲनिमोनी सोडलं त्या दिवशी आकडा पस्तीसच होता. आता एकेचाळीस. मीटरवर विश्वास बसेना. सोबत आणलेल्या ठरावीक खारेपणाच्या द्रावणानं तो तपासला. मीटर बरोबर होता.

एकेचाळीस म्हणजे समुद्रातल्या जिवाला दिवसरात्र लोणच्यात ठेवण्यासारखं. मासे कसेबसे तग धरतात. ॲनिमोनीला ना कातडी, ना खवलं. ते आधी पडतं. आणि टँकमध्येच मेलं तर विरघळून सगळं पाणी नासवतं, मग मासेही जातात.

मीठ आलं कुठून? मी रहीमभाईंना विचारलं, रोज पाणी कोण भरतं. मे महिन्यात सिल्लोडच्या उन्हात असा टँक दिवसाला पाच-सहा लिटर पाणी उडवतो. उडतं ते नुसतं पाणी, मीठ खालीच राहतं. म्हणून वरून भरायचं ते बिनमिठाचं, आरओचं. रहीमभाई म्हणाले, आरओचंच भरतो, तुम्ही सांगितलं तसं. पण बोलताना नजर मोबाइलवर होती. मक्याची आवक चालू होती. पंधरा दिवसांत ते घरी जेवायलाही धड आले नसणार.

मी स्वयंपाकघरामागच्या ओट्यावर गेले. तिथं मी दोन निळे ड्रम ठेवले होते. एकात आरओचं पाणी, दुसऱ्यात पाणी बदलायला लागतं म्हणून आधीच मीठ घालून तयार केलेलं. आरओचा ड्रम काठोकाठ होता. मिठाचा तळाला गेला होता.

मागं रहीमभाईंच्या अम्मी येऊन उभ्या राहिल्या. सत्तरीच्या, बारीक अंगाच्या. त्यांनी ड्रमकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मैंच डाली, बेटी," त्या म्हणाल्या. "समंदर की चीज है. मीठा पानी कैसा देना उसकू?"

मुलगा सकाळी घाईत ड्रममधलं पाणी टाका म्हणून सांगून जाई. कुठल्या ड्रममधलं हे त्यानं सांगितलं नाही. ड्रमांवर मी चिठ्ठ्या लावल्या होत्या, पण इंग्रजीत. अम्मी उर्दू वाचतात. त्यांनी दोन्ही पाणी जिभेला लावून पाहिलं, खारं निवडलं आणि बारा दिवस इमानदारीनं सहा-सहा मग भरून ओतलं.

रहीमभाईंनी आईकडं वळून काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी मध्येच म्हटलं, चूक माझी आहे. टँक मी बसवला, चिठ्ठ्या मी लावल्या, आणि पाणी प्रत्यक्ष कोण भरणार हे मी कधी विचारलंच नाही. आता मला आठ दिवस द्या. रोज येईन. त्यांनी खांदे उडवले. मेलं तर टँकच विकून टाकतो, म्हणाले.

दोन कामं एकदम करायची होती. पहिलं, टँकमधलं मीठ कमी करणं. ते एका दिवसात करता येत नाही. वाढलेल्या मिठाची सवय लागलेल्या माशांना एकदम पस्तीसवर आणलं तर त्या धक्क्यानंही ते मरतात. म्हणून रोज थोडं पाणी काढायचं, तेवढंच आरओचं घालायचं, दिवसाला एक आकडा उतरवायचा. सहा दिवस.

दुसरं काम ॲनिमोनी. अशक्त झाल्यावर त्याला आतून जंतुसंसर्ग होतो. माझी एक पशुवैद्यक मैत्रीण आहे. तिला फोटो पाठवले. तिनं एक ॲन्टिबायोटिक आणि त्याचं प्रमाण सांगितलं. औषधाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कुणीतरी वाचून ते सरळ टँकमध्ये ओतेल आणि पाणी स्वच्छ राखणारे चांगले जंतूही मारून बसेल. औषध रहीमभाईंच्याच घरी वेगळ्या टबात द्यायचं आणि टबातलं सगळं पाणी रोज बदलायचं. खारेपणा तिथंही हळूहळूच उतरवायचा.

मग सुरू झालं. सिडकोतल्या माझ्या घरी नळाला रोज पाणी येत नाही. आलेल्या दिवशी जेवढं साठेल तेवढं आरओमधून काढायचं, मीठ घालून चोवीस तास ढवळत ठेवायचं. सकाळी वीस लिटरचे दोन जार व्हॅनमध्ये टाकून निघायचं. जायला पासष्ट किलोमीटर, यायला तेवढेच, आणि रस्ता असा की जारची झाकणं चिकटपट्टीनं बांधावी लागत.

टबाचं पाणी सव्वीस अंशांवर ठेवायचं होतं. खोलीचं तापमान अडतीस. वीज दुपारी जायची. मी अम्मींना विचारलं, फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून टबात सोडाल का? थर्मामीटरवर सव्वीसला लाल खूण केली. त्याच्या वर गेलं की बाटली टाकायची, खूण आली की काढायची. अम्मींनी मान हलवली. वहीही मागितली. कशाला, ते सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी ॲनिमोनीनं तोंडातून तपकिरी लाळ टाकली. पाचव्या दिवशी ते पिशवीसारखं लोंबत होतं. मी टबाशी वाकून वास घेतला. मेलेलं ॲनिमोनी क्षणभरही लपत नाही, खोलीत थांबवत नाही. टबाला नुसता खारा वास होता. पण तोंड उघडंच. मला वाटलं, झालं. सप्लायर बरोबर होता. तरी पाणी बदलायला घेतलं, कारण पाणी आणलेलंच होतं.

तेव्हा अम्मींनी वही उघडली. बारीक उर्दू अक्षरात पानं भरली होती. मला वाचता येईना, त्याच वाचत गेल्या. ॲनिमोनी दर काही तासांनी आतलं पाणी टाकून आकसतं आणि पुन्हा फुगतं. आजारी असलं की वारंवार आकसतं. अम्मींनी प्रत्येक वेळ लिहिली होती. पहिल्या दिवशी सात वेळा. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी पाच. चौथ्या दिवशी तीन.

"आज सुबह से एकीच बार बैठा," त्या म्हणाल्या. "तुम आये, उसी वखत."

कंपनीत अकरा वर्षं मी असेच तक्ते भरत होते. एका क्षणाच्या दिसण्यावर निकाल द्यायचा नसतो, रेघ कुठं चाललीय ते बघायचं असतं, हे मी नवीन मुलींना शिकवायचे. आणि इथं मी रोज अर्धा तास बघून घाबरत होते. रेघ अम्मींच्या वहीत होती, आणि ती चांगल्या बाजूला चालली होती. मी आणखी तीन दिवसांचं औषध मोजून ठेवलं.

सातव्या दिवशी तोंड मिटलं. आठव्या दिवशी टब रिकामा करताना ते माझ्या हातमोज्याला चिकटलं. सोडवायला दोन मिनिटं लागली. टँक तोवर पस्तीसवर आला होता. मी ते वाळूत ठेवलं, पंपाचा प्रवाह कमी केला आणि आम्ही तिघं बघत बसलो. रहीमभाई त्या दिवशी आडतीवरून लवकर आले होते. तासाभरानं पायानं काच धरली. टँकमधली क्लाऊनफिशची जोडी चार दिवस त्याच्याभोवती नुसती घिरट्या घालत होती. पाचव्या दिवशी अम्मींचा फोन आला, जोडी आत गेली.

या गोष्टीला आता चौथं वर्ष चालू आहे. कार्पेट दीडपट झालंय. त्याला कोळंबीचा तुकडा द्यायचं काम अम्मींचं, आणि त्यात सुनेलाही हात लावू देत नाहीत. ड्रमांवर आता त्यांच्या हातच्या उर्दू चिठ्ठ्या आहेत.

माझ्या कामात एवढाच बदल झाला. पूर्वी नवीन घरी गेले की टँक कुठं ठेवायचा, बजेट काय, एवढं विचारायचे. आता आधी विचारते, रोज पाणी कोण भरणार. ज्याचं नाव सांगतात तो माणूस समोर आल्याशिवाय मी व्हॅनमधून पाइपही काढत नाही. बहुतेक वेळा तो माणूस बैठकीत नसतोच. आतून बोलवावा लागतो.