फुकट बस आणि आपलं वसतिगृह

इथल्या, कॅनडातल्या मिसिसागाच्या आपल्या मंडळाच्या बुद्धवंदनेहून आत्ताच घरी आलेय. राग अजून उतरला नाहीये, म्हणून जेवायच्या आधी इथे लिहून टाकते.

वंदना झाल्यावर सिटी इलेक्शनला उभी असलेली एक बाई बोलायला आली होती. स्टुडंट्स आणि सीनियर्सना सिटी बस फुकट करायची, असं तिचं म्हणणं. खर्च किती येईल, टॅक्स वाढणार का, हे मी स्वतःच उठून विचारलं. तिची उत्तरं मला अर्धीच पटली. ते ठीक आहे, विचारायलाच हवं.

पण ती गेल्यावर आपले एक दादा, चांगल्या पगाराचे इंजिनिअर, चहा घेता घेता म्हणाले, "फुकट दिलं की लोक आळशी होतात. असलं कुठे चालतं का?" आणि निम्मा हॉल माना डोलावतोय!

माझं डोकंच फिरलं. याच दादांनी गेल्या भीमजयंतीला माइकवर डोळे पुसत सांगितलं होतं, की सरकारी वसतिगृहात फुकट राहिलो, जेवलो, स्कॉलरशिपवर शिकलो, म्हणून आज कॅनडात आहे.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, तिथे जेवून तुम्ही आळशी झालात का?"

"अगं, ते वेगळं होतं," म्हणाले आणि कप ठेवायला उठले.

त्या हॉलमधले आम्ही बहुतेक जण तसेच शिकलोय. मीसुद्धा. मंडळी, खरं सांगा, वेगळं काय होतं? तेव्हा ताट आपल्यासमोर होतं, एवढंच ना?