लेटचा जुना अर्थ

तहसील कचेरीसमोर कडुलिंबाखाली एक टायपिस्ट बसतात. टाइपरायटर जाऊन लॅपटॉप आला, तरी ओळ संपली की त्यांचा डावा हात सवयीने नसलेला रूळ ढकलतो.

बँकेला माझं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत हवं होतं. पत्नीच्या नावाआधी 'लेट' लिहायची वेळ आली, की मी "उद्या करू" म्हणून उठायचो. अशा दोन खेपा झाल्या. तिसऱ्या दिवशी वेळ काढायला मी त्यांना सांगितलं, की या शब्दाचा मूळ अर्थ संथ, रेंगाळणारा. त्याचा पुढे 'उशिरा आलेला' झाला, आणि 'कैलासवासी' तर फार नंतर.

ते फारच खूश झाले. तेवढ्यात कचेरीतले एक साहेब साडेअकराला फाटकातून शिरले. टायपिस्टांनी उठून त्यांना नमस्कार केला आणि माझ्या कानात म्हणाले, "लेट साहेब आले. दोन मिनिटं शांत उभे राहा जी!"

मी खरंच उभा राहिलो होतो. निघणार, तोच त्यांनी विचारलं, "काका, काकू वेळेवर यायच्या का?"

"कधीच नाही. कुठल्याच सिनेमाची सुरुवात आम्ही पाहिली नाही."

"मंग लिहू द्या ना मले! मी जुनाच अर्थ लिहून राहिलो."

कित्येक दिवसांनी मला हसू आलं. ते आवरेपर्यंत त्यांनी तो शब्द टाइप करून टाकला होता.