मिरजेत आलेली लॉकवाली गिटार

आमच्या दुकानात तंबोऱ्याची तार फक्त अब्बा चढवायचे. भोपळा कोणी घासायचा, पॉलिश कोणी मारायचं याला काही नियम नव्हता, ज्याचा हात मोकळा त्याने करावं. तार मात्र अब्बांची. तंबोऱ्याची लाकडी खुंटी लाकडाच्याच भोकात बसते, तिला धरायला स्क्रू नसतो. म्हणून ते खुंटीला खडू घासत, तारेचे वेढे एकाला एक चिकटवून घेत आणि मग कान लावून बसत. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जो बारीक झंकार खुलवायचा असतो ती जवारी. ती चालू असताना आम्ही चहाचा कपसुद्धा वाजू द्यायचो नाही.

मला सांगलीला दिलंय. घरचं उरकून सकाळच्या बसने मी मिरजेला येते आणि दुकान बघते, कारण भाऊ पुण्याला नोकरीला गेला आणि तो काही परत येत नाही. फोन मी घेते, तंबोरे भुसा भरून पेटीत मी घालते, आणि अलीकडे गिटारीही माझ्याकडे आल्या. सांगलीतली कॉलेजची पोरं हौसेने गिटार घेतात, तारा तोडतात आणि आमच्या दारात येतात. ते काम मी मोबाइलवर बघून बघून शिकले. अब्बांनी गिटारीला कधी नाक मुरडलं नाही, पण "ती तुजी भानगड" म्हणून बाजूलाही ठेवलं.

मला गिटारींचं काही वेड नव्हतं. मला तंबोऱ्याची तार चढवायची होती. एकदा तसं म्हणाले, तर अब्बांनी न ऐकल्यासारखं केलं. पुढे ईदला मामूंनी त्यांना विचारलं, तुमच्यानंतर दुकानाचं काय? मी शीरखुर्म्याच्या वाट्या घेऊन तिथेच उभी होते. माझ्यानंतर दुकान बंद, अब्बा म्हणाले, तार चढवणारं आहे कोण? मी मामूंची वाटी जरा आपटूनच ठेवली. घरात आम्ही दखनी बोलतो, दुकानात मराठी. पण हे बोलणं कुठल्याही भाषेत तेवढंच झोंबलं असतं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी साताऱ्याच्या एका बाई आल्या. शाळेत संगीत शिकवणाऱ्या. त्यांचे वडील इथल्या दवाखान्यात दाखल होते. साताऱ्यापासून विजापूरपर्यंतचं दुखणं मिरजेलाच येतं, आणि जोडीला एखादं वाद्यही येतं. बाईंनी गिटारीला पुण्याहून नव्या लॉकवाल्या खुंट्या बसवून घेतल्या होत्या आणि आता नवीन तारा टाकायच्या होत्या. त्या दिवशी मी सासूबाईंचे डोळे तपासून घ्यायला गेले होते. अब्बांनी मला फोन करायचा की नाही? नाही. ते स्वतःच बसले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात पाय ठेवला तेव्हा बाई अब्बांसमोर उभ्या होत्या.

"चाचा, अहो एक गाणं होईस्तोवर उतरते. सहाच्या सहा तारा उतरतात."

"खुंटीच खराब हाय," अब्बा म्हणाले. "पुण्यावाल्यानं नीट बसिवली न्हाई."

नाचता येईना अंगण वाकडं, असं माझ्या मनात आलं. वडिलांबद्दल असं मनात आणू नये, पण आलं खरं. कारण गिटार हातात घेताच मला सगळं दिसलं. खुंटीवर तारेचे वेढ्यांवर वेढे होते, अगदी तंबोऱ्यासारखे. भोकात खडूची भुकटी भरली होती. आणि खुंटीच्या मागची गोल चाकी, जिच्यासाठी बाईंनी एवढा खर्च केला होता, ती तशीच सैल.

गिऱ्हाइकासमोर अब्बांची चूक काढायची माझी हिंमत नव्हती आणि इच्छाही नव्हती. म्हटलं, "ताई, तुम्ही वडिलांना भेटून या. संध्याकाळपर्यंत करून ठेवते."

त्या गेल्या. मग मात्र मी तोंड सोडलं.

"अब्बा, ही मागची चाकी तुमी फिरवलीच न्हाई?"

"ती कशाला फिरवू? तेच्यावरच खुंटी धरून हाय."

"खुंटी न्हाई, तार धरती ती!"

"दुसऱ्या कारागिरानं बसिवलेलं आपुन हलवायचं नसतं," ते म्हणाले, आणि आवाजही चढवला नाही.

आमच्या गल्लीत हा रिवाजच आहे. सतार दुरुस्तीला आली तर आपल्याला सांगितलेलं तेवढंच करायचं, दुसऱ्याच्या हातचं जोडकाम उचकटायचं नाही. याच रिवाजावर आमच्या घराचं नाव आहे. आणि त्याच रिवाजाने अब्बांना तोंडघशी पाडलं होतं.

मी जुने वेढे सोडवले. भोकातला खडू ब्रशने काढला, फडक्याने पुसला. अब्बा शेजारी येऊन बसले. मी खुंटी फिरवून तिचं भोक तारेच्या सरळ रेषेत आणलं, तार आरपार घातली, ओढून ताठ धरली आणि मागची चाकी बोटांनी घट्ट केली. आतली पिन तारेला भोकातच दाबून धरते. वेढा घालायचाच नाही. वरचं टोक कटरने तोडलं आणि खुंटी पिळली. एक फेरासुद्धा पुरा झाला नाही तोच तार सुरात आली.

"एवढंच?" अब्बांनी विचारलं.

"एवढंच."

त्यांनी अंगठ्याने तार उचलून चांगली ताणली, तुटेल म्हणून मी ओरडलेसुद्धा. त्यांनी सोडल्यावर मी वाजवून पाहिली. जागची हलली नव्हती. बाकीच्या तारा लावेपर्यंत ते एकेक चाकी बोटाने चाचपत होते. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "गाठ न्हाई, वेढा न्हाई, खडू न्हाई. मग कारागीर कशाला पायजे गं?"

माझा राग अजून उतरला नव्हता. मी पटकन म्हणाले, "ऐकायला."

अब्बांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता बोलणी बसणार. बोलणी बसली नाहीत. ते उठले, मधल्या खोलीत गेले आणि एक तंबोरा घेऊन आले. वाईच्या एका गायिकेचा, बायकी पट्टीचा, लाकूडकाम होऊन तयार. मी रोज विचारत होते की हा अडलाय कशाला, आणि ते रोज म्हणत होते, पॉलिश वाळू दे. पॉलिश कधीच वाळलं होतं.

त्यांनी तो माझ्या चटईवर ठेवला. तारेची वेटोळी शेजारी ठेवली.

"खालचा खरज ऐकू येतोय मला," ते म्हणाले. "वरचा बारीक झंकार येत न्हाई. लय दिस झालं. जवारी खुलली का न्हाई ते मला कळतच न्हाई आता."

मग मला एकेक उमजत गेलं. हल्ली ते गिऱ्हाइकाला वाद्य देताना "तुमास्नी कसं वाटतंय?" विचारायचे आणि मी त्याला नम्रपणा समजत होते. दुकान बंद म्हणाले ते माझ्या हाताबद्दल नव्हतंच. ते स्वतःच्या कानाबद्दल बोलत होते, आणि म्हणूनच मला शिकवणं टाळत होते. शिकवायला बसले असते तर मला कळलं असतं.

खरं सांगते, मला आनंद झाला. इतकी वर्षं हवं होतं ते समोर आलं होतं, आणि ते असं आलं म्हणून त्याच वेळी भडभडूनही आलं. दोन्ही दाबून मी तार उचलली.

वेढे घालताना अब्बांनी माझा हात धरून कोन बदलला, पुढचा वेढा मागच्याला टेकवायला लावला, पुन्हा सोडायला लावलं, पुन्हा घालायला लावलं. हातांचं त्यांना सगळं येत होतं. चारही तारा चढल्या. मी दोरा घोडीवर घातला आणि केसभर केसभर सरकवू लागले. मध्येच बाई येऊन गिटार घेऊन गेल्या. त्यांनी ती दारातच वाजवली, खूश झाल्या, आणि अब्बांना म्हणाल्या, "चाचा, आता कशी धरलीय बघा."

"पोरीनं केलीया," अब्बा म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "थांबलीस का? सरकव."

मी सरकवत राहिले. एका जागी दोरा आला आणि सगळा तंबोरा एकदम बोलायला लागला. अब्बांनी तो आवाज ओळखला नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"लागली?" त्यांनी विचारलं.

"लागली."

त्यांनी तार छेडून पाहिली नाही. उठले आणि तंबोऱ्यावर घालायची गवसणी आणायला गेले.