आग बंद असलेला पाडवा

बाबा गेले त्या वर्षी आमच्याकडे गुढी नव्हती. वर्षाच्या आत सण करायचा नाही, म्हणून आईने पाडवाही साध्या दिवसासारखा काढायचं ठरवलं होतं. तांदूळ निवडायचे, कपाटं पुसायची, पुसलेली पुन्हा पुसायची. बाबा गेल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. भेटायला येणारे तिच्या तोंडावर म्हणायचे, ‘फार धीराची बाई’, आणि माझं डोकं फिरायचं. धीर कसला? तिच्या आत काहीतरी घट्ट बंद झालं होतं. ते कधी उघडलंच नाही तर ही बाई अशीच वाळून जाईल, याची मला धास्ती होती.

वरच्या खोलीत तेव्हा बाली बेटावरची एक मुलगी राहायची. रायपूर नवीनच राजधानी झालं होतं. तेलीबांध्याला तलावाच्या अंगाला रोज एक घर उठत होतं आणि भाडेकरू पायलीचे पन्नास मिळत होते. बाबांनी साहेब लोक परत पाठवले आणि खोली दिली ती विद्यापीठात संस्कृत आणि दर्शनशास्त्र शिकायला आलेल्या या मुलीला. कारण फक्त एकच. खोली बघायला आली तेव्हा ती आमच्या भिंतीवरच्या पंचांगापाशी थबकली आणि शक संवताच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, “अंकल, ये हमारा भी साल है.” त्यांच्याकडेही शकच चालतो, आकडासुद्धा तोच. बाबा दिवसभर घरात मिरवत होते. “पाहा, आपलं वर्ष समुद्रापार जाऊन राहिलं आहे,” ते आईला म्हणाले. आई म्हणाली, “त्याचं भाडं कोण देते ते पाहा.”

तिचे आजोबा पुरोहित होते. ताडपत्रावरच्या पोथ्या वाचायचे, आणि रोज सकाळी घंटा वाजवत साध्या पाण्यात गंगा, सिंधू, सरस्वती, यमुना यांना बोलवायचे. त्यातली एकही नदी त्यांनी पाहिली नव्हती. बाबा आंघोळीला बसताना बादलीतल्या पाण्यात नद्या बोलवायचे, त्यामुळे त्यांना हे म्हातारबुवा चुलतभावासारखे वाटायला लागले. मुलगी रोज पानांच्या दोन दोन्यांत फुलं आणि उदबत्ती ठेवायची. एक दोना खिडकीत, उंचावर, देवांसाठी. दुसरा जमिनीवर, उंबऱ्याबाहेर. देवाची फुलं पायदळी काहून, म्हणून आई तिच्यावर तडकली होती. ती म्हणाली, “नीचे वाला भूतों का है, आंटी. उनको भगाना नहीं, खिलाना है.” आईने जरा विचार केला. मग आपल्या ताटाभोवतीच्या चित्राहुती आठवून म्हणाली, “हव, बरोबर आहे.” त्यानंतर ती मुलगी आमच्या घरचीच झाली.

बाबा गेले ते दुपारी, आपल्या खोलीत, झोपेत. चहा घेऊन गेलेल्या आईनेच दार ढकललं. आई सगळ्यांना एवढंच सांगायची, आणि मीही तेवढंच धरून होते.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी वरून ताट वाजवल्याचा आवाज आला. मग ती खाली उतरली आणि आईला म्हणाली, “आंटी, कल आग बंद. बत्ती बंद. सब बंद.” आईने मान डोलावली आणि मला म्हणाली, “सिलिंडर संपला वाटते पोट्टीचा.” मीही ऑफिसच्या गडबडीत होते, खोलात गेले नाही.

सणाच्या दिवशी दुखवट्याच्या घरी शेजारी ताट आणतात, तसं समोरच्या काकूंनी पुरणपोळीचं ताट आणून दिलं. आईने त्यातली निम्मी पोळी ताटात झाकून घेतली आणि वर मुलगी उपाशी राहिली असेल म्हणून जिना चढली. मी खाली भांडी लावत होते. आधी कडी वाजली. मग पुन्हा वाजली. मग थापा ऐकू यायला लागल्या, आणि त्यानंतर आईचा आवाज आला, जो मी कधीच ऐकला नव्हता. “उघड वं! उघड वं माय! काहून बोलून नाही राहिली!”

मी धावत वर गेले. आई दाराशी खाली बसून दोन्ही हातांनी दार बडवत होती. ताट बाजूला पडलं होतं. तेवढ्यात दार उघडलं. खोलीत अंधार, खिडक्या लावलेल्या, पंखासुद्धा बंद. मुलगी पांढऱ्या कपड्यात उभी होती. ठणठणीत होती. तिने हात जोडले, पण तोंडातून शब्द काढला नाही. आईने तिला कवटाळलं आणि हंबरडा फोडला.

मला वाटलं, आता मुलगी काहीतरी बोलेल. सगळेच बोलत होते, इतके महिने. आत्मा अमर आहे, देवाची मर्जी, सुटले बिचारे. ती दर्शन शिकत होती, तिला तर आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. ती आईजवळ जमिनीवर बसली, तिचा हात हातात घेतला आणि गप्प राहिली. आई रडायची, थांबायची, पुन्हा रडायची. मी खाली आले, फोनचा रिसीव्हर काढून ठेवला आणि गॅस पेटवला नाही. दिवेलागण झाली तरी दिवा लावावासा वाटेना. का ते मला सांगता आलं नसतं, पण बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच घर शांत वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आंघोळ करून खाली आली. हातात दोना, त्यात पाणी आणि फूल. मग तिने नीट सांगितलं. त्यांच्या नववर्षाला आग नाही, काम नाही, बाहेर जाणं नाही, करमणूक नाही, आणि तिच्या घरी त्या दिवशी बोलणंही नाही. आदल्या दिवशी गोंगाट करून भुतांना जागं करायचं, मग असं गप्प बसायचं की इथे कोणी राहत नाही असं वाटून ती पुढे निघून जातील. आणि दुसऱ्या दिवशी आग पुन्हा पेटवायची. पण त्याआधी सगळ्यांची क्षमा मागायची.

ती आईसमोर वाकली. “माफ करना, आंटी. मैंने दरवाज़ा देर से खोला.”

आईने तिला खांद्याला धरून उठवलं. मग म्हणाली, “नाही वं. उशीर मी केला.”

मला आधी कळलंच नाही. आई माझ्याकडे न बघता सांगत होती. त्या दुपारी तिने बाबांचं दार वाजवलं होतं. उत्तर आलं नाही. आयुष्यभर फायली उपसल्या, निजू द्यावं जरा, म्हणून ती चहा परत घेऊन गेली. तांदूळ निवडायला बसली. सगळे तांदूळ निवडून झाल्यावर पुन्हा गेली, तेव्हा दार ढकललं. “तेव्हाच उघडलं असतं तर?” ती म्हणाली. “मले कोणीच नाही विचारलं. म्हणून मी पण नाही सांगितलं.”

मला रडू फुटलं. इतके महिने मी तिच्या शेजारी झोपत होते. ती तांदूळ निवडताना बघत होते, आणि वैतागत होते.

मुलीने तिची समजूत काढली नाही. डॉक्टर काय म्हणाले, तेही विचारलं नाही. दोना तिच्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, “अंकल को बोला?”

आई उठली. बाबांच्या फोटोसमोर उभी राहिली, पदर सारखा केला.

“अहो,” ती म्हणाली, “मले वाटलं, तुम्ही झोपले.”

मग दोन्यातलं पाणी तिने फोटोवर शिंपडलं, उरलेलं डोळ्यांना लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला.