शेडीतल्या पारव्यांची पिसं

मी परभणीकडचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. रत्नागिरीच्या बंदरावर आलो तेव्हा समुद्र बघूनच छातीत धडधडायचं. एका नाखव्याने, म्हणजे होडीच्या मालकाने, ठेवून घेतलं. कावीळ झाली तेव्हा त्याच्या बायकोने, काकीने, तीन आठवडे पेज भरवली. हे आधी सांगतो, कारण मी पुढे जे केलं त्याला नाखवा बेइमानी म्हणतो.

पावसाळ्यात मासेमारी बंद. होड्या शेडीत ओढतात आणि आम्ही त्यांचा जुना रंग खरवडतो. भुकटी केसांत, नाकात, भाकरीवर. वाशांवरचे पारवे खाली उतरतात आणि त्याच भुकटीतून दाणे टिपतात.

यंदा कॉलेजातल्या एक मॅडम आल्या. गळलेली पिसं भरायला पाकीट दिलं, वर जागेचं नाव लिहायला सांगितलं. पारवा आपला भाग सोडून फार लांब जात नाही, म्हणाल्या. तिथल्या धुळीत जे असतं ते त्याच्या पिसांत उतरतं. रंगात शिसं असेल तर कळेल.

"उशी भरणार काय गो ती?" नाखवा काकीला म्हणाला आणि हसला.

दुसऱ्या दिवशी हसू गेलं होतं. आरे-वारेच्या रस्त्याला एक देऊळ आहे, तिथली पिसं आण आणि पाकिटावर आपल्या शेडीचं नाव घाल, असं त्याने मला सांगितलं. शेड बंद पडली तर काकीने कुणाच्या दारात जायचं, हे दोनदा ऐकवलं.

मी गेलो. देवळाच्या वळचणीखाली पिसं वेचली. नाही म्हणालो तर राहणार कुठे, हेच डोक्यात. पण परत आल्यावर दोन पाकिटं केली. एकावर लिहिलं, 'आरे-वारे, देवळामागे'. दुसऱ्यात शेडीतली पिसं भरली आणि लिहिलं, 'आमची शेड'. माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं, म्हणून मुद्दाम मोठं काढलं.

नाखव्यासमोरच दोन्ही पाकिटं दिली. मॅडम खूश झाल्या. ताडून बघायला स्वच्छ जागेची पिसं त्यांना हवीच होती. नाखव्यांनीच पाठवलं होतं, मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. त्यांनी नाखव्याचे आभार मानले आणि त्याला मान हलवावी लागली.

त्या गेल्यावर तो म्हणाला, "माझं मीठ खाऊन माझ्यावरच उलटलास मेल्या?"

"खाल्लं म्हणूनच लिहिलं. काकी त्याच भुकटीत बसून आम्हाला वाढते, नाखवा."

महिन्याने कळलं, शेडीतल्या पिसांत शिसं देवळातल्यांपेक्षा बरंच जास्त निघालं. शेड काही कुणी बंद केली नाही. मीच सांगून टाकलं, भुकटी उडू नये म्हणून लाकूड भिजवल्याशिवाय खरवडणार नाही आणि आत बसून जेवणार नाही. बाकीचे मला 'परभणीचा डॉक्टर' म्हणायला लागले. म्हणू देत. त्यातल्या दोघांनी बादल्या आणल्याच.

नाखवा म्हणाला, एवढं शहाणपण आलंय तर आपल्या गावाला जा.

"जाणार नाही," मी म्हणालो. "घालवायचंच असेल तर काकीला सांगायला लावा."

काकीने अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी ती माझ्याकडे वळली की वाटतं, आज सांगणार. पण परवा तिने आमची ताटं शेडीबाहेर मांडली, आणि नाखव्याचंही त्यांच्याच शेजारी.