तिघींचा प्रवास विमा

त्या वर्षी आमच्या ऑफिसात कोणाचंच कामात लक्ष नव्हतं. राज्याची वाटणी होऊन गेली होती, आता माणसांची चालली होती. कोण तेलंगणात राहणार आणि कोण आंध्रात जाणार याच्या याद्या निघत, रद्द होत, पुन्हा निघत. सकाळी आल्याबरोबर लोक नोटीस बोर्डापाशी गोळा व्हायचे, आणि तिथे काही नवीन नसलं की कँटीनमध्ये बसून आपल्या मनाचंच काहीबाही एकमेकांना सांगायचे. मला जागेवर बसवत नसे. फाइल उघडायची, मिटायची, पाणी प्यायला उठायचं, वाटेत कोणाशी तरी वाद घालायचा आणि परत येऊन तीच फाइल उघडायची, असे माझे दिवस चालले होते.

खरं तर माझं स्वतःचं काही अडलेलं नव्हतं. वडील मराठवाड्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे हैदराबादेत आले आणि अंबरपेठेत राहिले. मी जन्मले, शिकले, नोकरीला लागले ती इथेच. पूर्वी जुनं हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा माझी आत्या नांदेडला घरबसल्या मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात गेली होती आणि आमचं घर अंबरपेठेत घरबसल्या आंध्रात गेलं होतं. आता आम्ही तेलंगणात आलो, तेही खुर्चीवरून न उठता. अक्कांना मात्र उठावं लागणार होतं.

अक्का मूळच्या गुंटूरकडच्या. आमच्या ऑफिसातल्या आस्थापना विभागाच्या प्रमुख. रजा, बदली, बढती, जो कागद असेल तो त्यांच्या टेबलावरून जायचा, आणि त्याला जोडायचं काही राहिलं असलं की तिथूनच परत यायचा. वशिला लावा, रडा, पेढे आणा, काही उपयोग नसे. सगळं ऑफिस त्यांना अक्का म्हणायचं ते निम्मं प्रेमाने आणि निम्मं धाकाने. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आदल्या वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर इथले, घर इथलं, अडीनडीला धावून जाणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि वहिनी, इथल्या. तिकडे गुंटूरला एक भाचा होता, तोही वर्षातून एकदा फोन करणारा.

ज्याचं गाव तिकडचं तो माणूस तिकडचा, असा सरळ हिशेब होता. फक्त एक फट ठेवली होती, ती म्हणजे गंभीर आजार असेल तर वरची कमिटी विचार करील. झालं, ऑफिसात एकाएकी साथ आल्यासारखे आजार निघाले. काल बॅडमिंटन खेळणारा माणूस आज कंबरेला हात लावून जिना चढू लागला. या सगळ्या सोंगांत अक्कांचा अर्जही गेला: ऑपरेशन झालं आहे, उपचार इथे चालू आहेत, तिकडे एकटीने राहणं धोक्याचं आहे. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, पण त्या गर्दीत खऱ्याला कोण विचारतो, याचीच मला धास्ती वाटायची.

आमच्यातली तिसरी म्हणजे वहिनी. त्यांचे यजमान माझ्या भावाचे शाळासोबती, म्हणून त्या माझ्या वहिनी. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर. माहेर-सासर दोन्ही उदगीरकडचं, शेतकऱ्याचं, पण यजमानांचं बेगम बाजारात मसाल्याचं दुकान आणि घर चिक्कडपल्लीत. दुपारी आम्हा तिघींचे डबे एकत्र उघडायचे. अक्का मराठी शिकल्या त्या या डब्यांवरच. म्हणून त्यांच्या मराठीत खाण्याचे शब्द भरपूर आणि बाकीच्यात दख्खनी मिसळलेली.

जहाजाची कल्पना वहिनींची. सिंगापूरला विमानाने जायचं, तिथून चार दिवस जहाजावर, आणि परत. “कोण कुठं जाऊन पडंल काय ठाव,” त्या म्हणाल्या, “त्याच्या आधी एकदा तिघी मिळून फिरून येऊ की.” मला वाटलं अक्का नाही म्हणतील. त्यांनी पराठा खाली ठेवला आणि विचारलं, “जहाजावर इडली मिळते काय?” डॉक्टरांनीही परवानगी दिली. गोळ्या चुकवू नका, सामान उचलू नका आणि हृदयाचा समावेश असलेला विमा घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका, एवढं बजावून.

विमेवाले चिक्कडपल्लीतच एका झेरॉक्सच्या दुकानावर बसायचे. वयस्क, शांत, दर वाक्याआधी चष्मा पुसणारे गृहस्थ. त्यांनी दोन पॉलिसी पुढे ठेवल्या. एक स्वस्त, तिच्यात तब्येतीचं काही विचारत नव्हते, पण जुन्या आजाराचं काही झालं तर देतही नव्हते. दुसरी महाग, तिच्यात आजार सांगायचा, डॉक्टरांचं पत्र लावायचं, मग जहाजावरून उचलून दवाखान्यात नेण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे.

वहिनींनी दुकानदारीची सवय काढली. “तीन घेतोय आम्ही. भाव करा की.”

“अम्मा, ये मिरची नै है,” विमेवाले म्हणाले.

माझं डोकं भलतीकडेच धावत होतं. जहाज बुडालं तर, सामान हरवलं तर, विमान चुकलं तर, सगळं मी विचारून घेतलं. आणि शेवटी जे विचारायला आले होते ते विचारलं. “समजा ऐन वेळी आमच्यातल्या एकीची बदलीची ऑर्डर आली आणि जाणंच रद्द झालं, तर पैसे परत मिळतात का?”

“ट्रान्सफर का नै आता. बीमार पडे तो आता. घर में कोई गुजर गया तो आता.”

“आणि एकीमुळे बाकीच्या दोघी नाही गेल्या तर?”

त्यांनी चष्मा पुसला. “आप लोगां रिश्ते में क्या लगते?”

आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, “एका डब्यात जेवतो.” त्यांनी मान हलवली, पण त्याला काही रकाना नव्हता. मला उगाचच त्यांचा राग आला. बिचाऱ्यांनी काय केलं होतं! कमिटीच्या नियमांतही नवरा-बायकोला एकत्र ठेवायची सोय होती. आमच्यासारख्यांची सोय कोणी कुठेच केलेली नव्हती.

अक्कांनी महागाच्या पॉलिसीवर बोट ठेवलं. “ये दे दो. दिल का लिखो. सब लिखो.”

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांचं पत्र लागलं, पॉलिसी हातात आली. तिच्यावर स्वच्छ छापलं होतं की हृदयाचा आजार कळवलेला आहे आणि वैद्यकीय मतानुसार प्रवासी सागरी प्रवासास योग्य आहे. वहिनी ती वाचून खूश झाल्या. मीही झाले. परदेशी जायच्या रजेचा अर्ज लिहायला बसले आणि माझा पेन तिथेच थांबला.

आमच्याकडे परदेशी जायचं तर खात्याची परवानगी लागे. आणि त्या अर्जाला विम्याची प्रत जोडायची हा आमच्या ऑफिसचा रिवाज होता. दुसऱ्या कुठल्या खात्यात तो नव्हता, नियमाच्या पुस्तकातही नव्हता. तो घातला होता अक्कांनी. खूप पूर्वी आमचा एक कारकून दुबईला मुलाकडे गेला आणि तिथे आजारी पडला; सगळ्या ऑफिसने वर्गणी काढून त्याला परत आणला. तेव्हापासून विम्याची प्रत नसेल तर अक्का परदेशाचा अर्ज हातात धरत नसत. आणि हे अर्ज मंजुरीला ज्या साहेबांकडे जात, त्याच साहेबांकडून आजाराचे अर्ज शेरा मारून कमिटीकडे जात होते. म्हणजे एकाच टेबलावर अक्कांचा एक कागद म्हणणार, मी गुंटूरला जाऊ शकत नाही, आणि दुसरा म्हणणार, मी समुद्रावर जाऊ शकते.

दुपारी डबे उघडल्याबरोबर मी सुरू केलं. “अक्का, तुमच्या अर्जाला विमा जोडू नका.”

“कायकू?”

मी सांगितलं. वहिनींचा हात तोंडावर गेला. अक्का मात्र भात कालवत राहिल्या. त्यांना हे माझ्याआधीच दिसलं असणार. कागद वाचण्यात त्यांचा हात धरणारं आमच्यात कोणी नव्हतं.

“सगळ्यांकडून मागितलं मी,” त्या म्हणाल्या. “परवा त्या शिपायाचा अर्ज परत केला. आता माझ्या वेळेला नक्को म्हणू?”

“मग जहाज नको!” मी इतक्या जोरात म्हणाले की पलीकडच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. “मरू दे ते सिंगापूर. पैसे बुडू दे. तुम्ही इथे राहा म्हणजे झालं.”

“आजारी आहे म्हणून घरात बसून दाखवायचं? कमिटीला?” अक्कांनी प्रथमच वर पाहिलं. “आजारी आहे मी. मेलेली नै.”

वहिनी रडवेल्या झाल्या. “अक्का, दोन्ही खरंच आहे की. डॉक्टरनंच सांगितलंय दोन्ही.”

“खरं आहे गं. पण वाचणारा काय वाचणार?” मग त्यांनी जे सांगितलं ते आम्ही आधी कधी ऐकलं नव्हतं. एका टायपिस्टबाईने बदली रद्द करा म्हणून अर्ज केला होता, सासू अंथरुणाला खिळली आहे म्हणून. अक्कांना दुसऱ्या फाइलीत तिचाच रजेचा अर्ज सापडला, सासूला तिरुपतीला नेण्यासाठी. त्यांनी दोन्ही कागद एकत्र टाचले आणि नामंजूर लिहिलं. “उचलून नेलं असेल बिचारीने. म्हाताऱ्या बाईला मरायच्या आधी देव बघायचा असेल. मी विचारलं नै. बदली झाली तिची.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “माझा कागद माझ्याकडे आला असता तर मीसुद्धा नामंजूरच केला असता.”

मला त्यांचा इतका संताप आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. कसला हा ताठा? ज्या शहरात अर्धा जन्म गेला ते शहर एका झेरॉक्स कागदावर घालवायचं! घरी मी सगळ्यांवर खेकसत होते. स्वयंपाक करताना मनातल्या मनात अक्कांशी वाद घालायची आणि तिथेही हरायची. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलापाशी गेले तर त्या शांतपणे माझाच अर्ज तपासत होत्या. “सही राहिली तुझी,” म्हणून त्यांनी तो परत दिला.

त्यांचा अर्ज विम्याच्या प्रतीसकट गेला. परवानगी तिघींनाही मिळाली. आणि जायच्या थोडे दिवस आधी यादी लागली, तिच्यात अक्का आंध्रात. कारणाच्या जागी लिहिलं होतं की अर्जदार परदेश प्रवास करण्याइतपत सक्षम असल्याने आजाराचा विचार करता येत नाही. मी ते बोर्डापाशी उभं राहून वाचलं. अक्कांनी वाचलं आणि म्हणाल्या, “बरोबर लिहिलं.” नव्या ठिकाणी रुजू व्हायला जे दिवस मिळतात, त्यांना त्यांनी आपली रजा जोडली आणि सांगितलं, “चला, जहाज बघू.”

जहाजावर मी एक क्षण सुखाने बसले नाही. अक्का जिना चढल्या की मी त्यांचा श्वास ऐकायची. त्या झोपल्या की छाती वरखाली होते ना ते पाहायची. विमा उतरवलेला होता, पण तो काही मला झोप देणार नव्हता. वहिनी जेवणाच्या हॉलमध्ये पिशवीतून लसणाची चटणी काढून सगळ्या पदार्थांवर घालत होत्या. आणि अक्का? अक्का मजेत होत्या. इडली मिळाली नाही म्हणून त्यांनी तक्रार लिहून दिली. संध्याकाळी वरच्या मजल्यावर कठड्याला धरून उभ्या राहायच्या, पदर वाऱ्यावर सोडून, आणि कोणी हाक मारली तरी वळायच्या नाहीत. त्यांना तसं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यापुरता माझा राग कुठे जायचा कोण जाणे.

काही झालं नाही. कोणी आजारी पडलं नाही, सामान हरवलं नाही. एवढे पैसे भरून काहीच वसूल झालं नाही म्हणून वहिनी विमानात हळहळल्या आणि आम्ही तिघी हसलो.

परतीचं विमान चेन्नईला उतरलं. तिथून आम्हा दोघींचं हैदराबादचं तिकीट होतं. अक्कांना दुसऱ्या दिवशी रुजू व्हायचं होतं, म्हणून त्या तिथूनच रेल्वेने विजयवाड्याला, नव्या ऑफिसच्या गावी, जाणार होत्या. हे आधीच ठरलेलं होतं, आम्हाला माहीत होतं, तरी विमानतळाबाहेर टॅक्सी येऊन उभी राहिली तेव्हा आम्ही दोघी अक्कांच्या बॅगा धरूनच उभ्या राहिलो. अक्कांनी मात्र ऑफिसातल्या सुरात हुकूम सोडले. वहिनींनी दुखरा गुडघा डॉक्टरांना दाखवायचा. मी साहेबांशी भांडायचं नाही. त्यांच्या घरातल्या तुळशीला पाणी घालायचं. ड्रायव्हरने बॅगा ठेवल्या. मला राहवलं नाही. “तो कागद जोडला नसता,” मी म्हणाले, “तर आत्ता आमच्याबरोबर आला असता.”

“हौ,” अक्का म्हणाल्या. “आले असते.”

त्यांनी टॅक्सीच्या दारावर हात ठेवला, पण आत बसल्या नाहीत. त्यांचा चेहरा मी नीट पाहिला. अख्ख्या ऑफिसला धाकात ठेवणारी ती बाई घाबरली होती.

“मला जायचं नै गं,” त्या म्हणाल्या.

वहिनींनी त्यांचा हात घट्ट धरला होता, तो त्यांनी हळूच सोडवून घेतला, मागच्या सीटवर बसल्या आणि ड्रायव्हरला तेलुगूत म्हणाल्या, चल, गाडी चुकेल.