टेलरबाईंची सुसाट खुर्ची

टेलरबाईंना मल्टिपल स्क्लेरोसिस झाला तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. मज्जातंतूंवरचं आवरण झिजवणारा हा आजार आधी डोळ्यांत शिरला, मग पायांत. इंजेक्शनं झाली, सलाइनमधून द्यायची औषधं झाली, पण पाय काही ऐकेनात. पायानं चालवायची शिलाई मशीन जाऊन मोटरची आली. इस्त्रीच्या वाफेनं नजर धूसर व्हायची, म्हणून इस्त्री नवऱ्याकडे गेली. तो कॉलर अशी कडक करायचा, की गिऱ्हाइकाला मान वळवायची चोरी.

आजाराच्या बाराव्या वर्षी डॉक्टरबाईंनी सरळच सांगितलं, की औषधानं आजार धीमा झालाय, थांबलेला नाही. आता मोटरवर चालणारी चाकांची खुर्ची घ्या. खुर्ची म्हणजे हार, असं बाईंच्या डोक्यात पक्कं बसलेलं. भिंती धरत, नणंदेच्या खांद्यावर भार टाकत त्यांनी दोन वर्षं रेटली. शेवटी एकदा कपाटाला धरायला गेल्या आणि कपाटासकट आडव्या झाल्या, तेव्हा कुठे खुर्ची घरात आली.

पहिल्या दिवशी त्या तोंड पाडूनच बसल्या. खुर्ची चालवायचा हाताजवळचा दांडा चुकून मागे ओढला आणि खुर्ची सरळ हँगरांच्या रांगेत घुसली. डोक्यावर दोन पँटी आणि कुणा नवरदेवाचा कोट. नणंद पोट धरून खालीच बसली. बाईंनाही हसू फुटलं, आणि हसता हसता त्यांनी दांडा पुढे ढकलला. खुर्ची दारातून बाहेर, उतारावरून सुसाट, कोटाच्या बाह्या हवेत. मागून नवरा अनवाणी, हातात इस्त्री, तिची वायर फरफटतेय. इतक्या वर्षांत वारा असा तोंडावर आला नव्हता.

कोपऱ्यावर नवऱ्यानं गाठलं. धापा टाकत म्हणाला, “ब्रेक लागला नाही का गं?”

“दांडा सोडला की आपोआप लागतो,” बाई म्हणाल्या. “मी सोडलाच नाही.”

तेवढ्यात नणंद पोचली. “वहिनी, मलापण एक चक्कर.” ती मांडीवर बसली, नवरा मागून ढकलायला लागला, आणि खुर्ची कुरकुरत चढ चढली.

याला चार वर्षं झाली. मधे उजवा हात गेला. कात्री नणंदेच्या हाती दिली त्या दिवशी बाई रडल्या, दुसऱ्या दिवसापासून तोंडानं बेतायला लागल्या, “बगलेत अर्धं बोट सोड.”

गेल्या तपासणीला डॉक्टरबाईंनी विचारलं, नवीन काय त्रास?

“डावा हात जड झालाय,” बाई म्हणाल्या. “आणि तुमच्या कोटाची बाही दोन बोटं लांब आहे. काढा तो.”

डॉक्टरबाईंनी कोट काढून दिला.